काडी तीच, हवा बदलली



माघ सरत आला की शेतकऱ्याच्या घरात कोणाच्याच हाताला उसंत नसते. हरभऱ्याची मळणी, गव्हाची सोंगणी, उन्हाळ कांद्याची राखण, सगळे एकदम अंगावर येते. या धांदलीत एक काम असे असते की त्याला कोणी काम म्हणून मोजतच नाही. विडी शिलगावताना ओढलेली काडी जाता जाता बांधाच्या गवताला लावायची. गवत जळून जाते, उंदीर-घुशींची बिळे उघडी पडतात, बांध स्वच्छ दिसतो आणि दोन दिवसांची मजुरी वाचते. आजोबांनी हेच केले, वडिलांनी हेच केले आणि फारसे काही बिघडले नाही. मग आताच कोणी येऊन “जाळू नका” म्हणाले तर राग येणे साहजिक आहे.

तो राग घटकाभर बाजूला ठेवून आज माझे एवढे ऐका. काडी तीच आहे, बांधही तोच आहे. हवा मात्र आजोबांच्या वेळची राहिलेली नाही. त्या हवेत जी काडी खपून गेली, ती आजच्या हवेत खपेलच असे नाही.

इंदिरानगरातून दिसणारा डोंगर

तुमच्यापैकी कित्येकांची मुले, भाचे, पुतणे नाशकात इंदिरानगर, पाथर्डी फाटा या बाजूला राहत असतील आणि अंबडच्या कारखान्यांत कामाला जात असतील. त्यांच्याकडे गेलात की नैर्ऋत्येकडे पाहा. पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर दिसेल. श्रावणात तो हिरवागार असतो, मार्गशीर्षात सोनेरी होतो आणि फाल्गुन-चैत्रात त्याच्या अंगावर कधी कधी काळे डाग उमटतात. ते डाग वणव्याचे. त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, अंजनेरी, दिंडोरीकडचा रामशेज, चांदवडची डोंगररांग, उन्हाळ्यात यांतला कोणता ना कोणता डोंगर रात्री लाल रेघ ओढल्यासारखा दिसतो, हे तुम्हीही पाहिले असेल.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे मोठे रान उरले आहे? वणवा तर विदर्भातल्या सागाच्या जंगलात लागतो. पण वणव्याला मोठी झाडे लागत नाहीत, त्याला वाळलेले गवत पुरते. आपल्या डोंगरांवर आणि माळांवर गवतच जास्त. लाकडाचा ओंडका वाळायला महिने लागतात. पावसाच्या सरीने भिजलेली गवताची काडी मात्र कडक उन्हात तासा-दोन तासांत पुन्हा पेट घेण्याजोगी होते. म्हणून गवताच्या मुलुखात हवेतला फरक सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त जाणवतो.

पापडाचे उदाहरण घ्या

हवा तापली म्हणजे नेमके काय होते, ते घरातल्या बायकांना चांगले समजेल. माघातल्या उन्हात घातलेला पापड वाळायला जितका वेळ घेतो, त्याच्या निम्म्या वेळात चैत्रातला पापड कडक होतो. पापड तोच, वाळवणाची चादर तीच. पण गरम हवेला तहान जास्त. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की पाण्याची वाफ धरून ठेवण्याची तिची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे शास्त्र सांगते. ही वाढलेली तहान हवा भागवते कुठून? जमिनीच्या ओलीतून, झाडाच्या पानातून आणि गवताच्या काडीतून.

केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली एक अहवाल काढला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, असे त्यात नोंदले आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून जो कर्बवायू हवेत साठत गेला, त्याची पृथ्वीभोवती गोधडी झाली आणि आतली ऊब बाहेर जाईना, हे त्याचे मुख्य कारण. पाऊण अंश ऐकायला थोडा वाटतो. पण ही सगळ्या देशाची, सगळ्या ऋतूंची सरासरी आहे. सरासरी जरा वर सरकली की अति उष्ण दिवस पुष्कळ वाढतात.

याचे दाखले जुने नाहीत. मार्च २०२२ मध्ये दिवसाच्या कमाल तापमानाची देशाची सरासरी १९०१ पासूनच्या कोणत्याही मार्चपेक्षा जास्त होती. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, फेब्रुवारीने तसाच उच्चांक केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवस आणि रात्र मिळून काढलेली सरासरी पुन्हा सगळ्यांत वर गेली. आपल्या हिशेबात फेब्रुवारी म्हणजे थंडीची शेपटी. महाराष्ट्रात वन खाते वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरते आणि त्याआधी जाळरेषा काढून मोकळे होते. आता ऊन हंगामाची तारीख पाहून येत नाही. गवत आधी वाळते आणि वणव्याचे दिवस पुढच्या टोकाने लांबतात.

पाऊस जास्त, म्हणून आगही जास्त?

हे ऐकून चमत्कारिक वाटेल, पण चांगल्या पावसाचे वर्षही वणव्याला पोसते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाऊस आता सडा शिंपडल्यासारखा कमी आणि हंडा उपडा केल्यासारखा जास्त पडतो. भाद्रपद-आश्विनात असा पाऊस लांबला की माळावर गवत कमरेएवढे होते. मग एकदम कोरडी हवा आणि कडक ऊन. पावसाने गवत उभे केले, उन्हाने ते वाळवले. आता उणीव फक्त काडीची.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराजवळ जानेवारी २०२५ मध्ये हेच घडले. आधीच्या दोन हिवाळ्यांत तिथे भरपूर पाऊस झाला आणि डोंगरांवर झुडपे-गवत माजले. नंतर कित्येक महिने पावसाचा थेंब जेमतेम पडला, त्यात सोसाट्याचा वारा सुटला आणि हजारो घरांची राख झाली. इतक्या श्रीमंत देशाचे बंब आणि विमाने त्या वाऱ्यापुढे थिटी पडली.

दुसरा दाखला तर शेतकऱ्याने मनात जपून ठेवावा असा आहे. हवाई बेटांवर लाहैना नावाचे गाव होते. त्याच्या भोवताली पूर्वी उसाचे मळे होते. साखर कारखाना १९९९ साली बंद झाला, मळे पडीक पडले आणि त्यांत बाहेरून आलेले गवत माजले. त्यात गिनी गवतही होते, जे आपण वैरणीसाठी हौसेने लावतो. ८ ऑगस्ट २०२३ रोजी वादळी वाऱ्यात ते पेटले. एका दिवसात गाव जळून गेले आणि शंभरावर माणसे दगावली. गिनी गवत वाईट नाही. कापून गुरांना घातले तर ते दूध देते. न कापता, न चारता पडीकात उभे वाळू दिले तर तेच गवत सरपण होते. आपल्याकडेही शहराच्या कडेला बिनशेती झालेल्या जमिनी, वाटणीच्या भांडणात अडकलेले तुकडे, गुरे कमी झाल्याने न चरलेले माळ वाढत चालले आहेत. तिथे काय उभे आहे ते एकदा पाहून या.

रात्रीचे दहिवर

जुनी माणसे सांगायची की वणवा रात्री आपोआप निवतो. त्यात तथ्य होते. रात्री गारवा पडला की हवेत दमटपणा येतो, दहिवर पडते, गवत मऊ होते आणि जाळ जमिनीला चिकटतो. पहाटे चार माणसांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपला तरी विझतो. पण रात्रीच गरम राहू लागल्या तर वणव्याला ही झोप मिळत नाही. संध्याकाळी सोडून दिलेली आग सकाळी दुसऱ्या शिवारात सापडते. जगात अनेक ठिकाणी रात्री पेटत राहणाऱ्या वणव्यांचे प्रमाण वाढल्याचे उपग्रहांच्या नोंदींवरून दिसते.

आणि डोंगराची गोष्ट वेगळीच. आग नेहमी चढाकडे धावते, कारण ज्वाळा वरच्या गवतावर कलते आणि त्याला आधीच शेकून ठेवते. साधारण ठोकताळा असा, की उतार दहा अंशांनी वाढला की चढणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी फिरायला गेलेल्या मंडळींना गवताच्या वणव्याने उतारावर गाठले. वीसहून अधिक जीव गेले. तरण्या माणसांनाही चढाच्या आगीपुढे पळता येत नाही.

मग दोष हवेचा की हाताचा?

कोणी म्हणेल, एवढे सगळे हवेने केले तर आमच्या काडीला का नावे ठेवता? इथे सरळ बोलले पाहिजे. परदेशात विजेने लागणारे वणवे पुष्कळ आहेत. आपल्याकडे मात्र बहुतेक वणव्यांच्या मुळाशी माणूस सापडतो. बांध जाळणारा, गव्हाचे काड पेटवणारा, मोहफुले वेचायला झाडाखालचा पाला जाळणारा, मधासाठी पोळ्याला धूर करणारा, डोंगरावर चूल मांडणारा सहलीचा पोरगा, चालत्या गाडीतून विडी फेकणारा. हवा आग लावत नाही. लागलेली आग किती पळेल, ते हवा ठरवते. म्हणून हवा बिघडली की हाताने जास्त सांभाळायचे, कमी नाही.

गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत वणवे लागले. विझवायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन आली. कोकणपट्टीची ती दमट हिरवी राने, तिथे असे घडावे? पण त्याआधीचा फेब्रुवारी विक्रमी गरम गेला होता, हे वर सांगितलेच आहे. सुक्याबरोबर ओलेही जळते, ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो. आता ती रानालाही लागू झाली.

यात आशेची बाजूही आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीच्या जागा टिपते. २०२१-२२ च्या हंगामात देशभरात अशा सुमारे सव्वादोन लाख नोंदी झाल्या, २०२३-२४ मध्ये सुमारे दोन लाख. म्हणजे हवा तापत असली तरी दरवर्षी आकडा वाढलाच पाहिजे असे काही कपाळावर लिहिलेले नाही. जिथे हात आवरता येतो, तिथे वणवाही आवरता येतो.

जाळल्याने गवत चांगले येते का?

हा समज मोडायला कठीण, म्हणून त्यावर थोडे जास्त लिहितो. जाळलेल्या जागी पहिल्या सरीनंतर कोवळी हिरवळ लवकर दिसते, हे खरे. पण दरवर्षी जाळत गेले की कुसळी माजते. तिचे बी फार हुशार. कुसळाला पीळ असतो. ओल लागली की तो उलगडतो, वाळला की पुन्हा वळतो, आणि असे करत बी स्क्रूसारखे जमिनीत शिरते. वरून आग गेली तरी आत ते सुखरूप. मारवेलसारखी गुरांना आवडणारी गवते मात्र मागे पडतात. म्हणजे आपण काडी लावून मारवेल घालवतो आणि मेंढ्यांच्या लोकरीत, पोरांच्या पायांत रुतणारी कुसळे पेरतो.

जमिनीचेही तेच. काड आणि पाचट जाळले की त्यातला नत्र धुरावाटे उडून जातो आणि मातीला धरून ठेवणारा कुजका पाला नाहीसा होतो. उघडा पडलेला डोंगर पहिल्या वळवात माती खाली सोडतो. ब्रह्मगिरी हे गोदावरीचे उगमस्थान. त्या आणि आसपासच्या डोंगरांवर जे पाणी मुरते, तेच झऱ्यांना आणि खालच्या विहिरींना येते. शिवाय रानातल्या मधमाश्या गेल्या की कांद्याच्या डेंगळ्यात बी भरत नाही. वणवा डोंगरावर लागतो, पण त्याचा हिशेब शेतात येऊन चुकवावा लागतो.

राबाचे काय?

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या बाजूच्या बंधू-भगिनी विचारतील, राब भाजल्याशिवाय भात-नागलीचे रोप कसे करायचे? राबाला अर्थ आहे. तणाचे बी मरते, राख मिळते, रोप जोमदार येते. म्हणून “राब बंद करा” असे मी म्हणणार नाही. पर्याय मात्र आहेत. गादीवाफ्यावर कुजलेले शेणखत घालून रोप करता येते. चारसूत्री भात पद्धतीत भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळतात. पहिल्या वर्षी एका वाफ्यावर करून पाहा आणि राबाच्या रोपाशेजारी ठेवून तुम्हीच ठरवा.

राब भाजायचाच असेल तर भोवतालचा आठ-दहा हात पट्टा आधी खरवडून मोकळा करा. पहाटे, वारा पडलेला असताना भाजा, दुपारी कधीच नको. उतारावर वरच्या कडेकडून पेटवा, म्हणजे आग सावकाश खाली येईल. पाण्याचे हंडे आणि दोन जास्तीची माणसे जवळ ठेवा. राखेत हात घालता येईल इतकी ती निवल्याशिवाय घरी जाऊ नका.

घराची आणि गोठ्याची तयारी

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत खेड्यात नेहमीच होते. बंब येईपर्यंतचा तास आपल्यालाच निभवायचा असतो. त्यासाठी ही कामे आताच उरका.

कडब्याची गंजी घराला आणि गोठ्याला लागून रचू नका. सगळी वैरण एका गंजीत ठेवू नका. दोन ठिकाणी ठेवली तर एक तरी वाचते. गंजी आणि कांदा चाळ यांच्याभोवती दहा-बारा हात जमीन खुरपून स्वच्छ ठेवा. बांधाचे गवत जाळण्याऐवजी हिरवे असतानाच कापा, म्हणजे वैरण होईल. ठिबकच्या नळ्या बांधाकडेला गुंडाळून ठेवल्या असतील तर उचला. एका काडीत हजारोंची नळी वितळते.

द्राक्षवाल्यांकडे फवारणीचा एचटीपी पंप आणि टाकी असते. उन्हाळाभर ती स्वच्छ धुऊन साध्या पाण्याने भरून ठेवा. वेळ आली तर हाच गावाचा बंब. ट्रॅक्टरचा ब्लोअर असेल तर त्याचा पंखा मात्र लावू नका, वाऱ्याने जाळ भडकेल.

गोठ्यापर्यंत धूर आला की सगळ्यांत आधी दावी सोडा किंवा कापा. बांधलेले जनावर पळू शकत नाही. कोयता गोठ्याच्या दाराशीच टांगलेला असू द्या.

विझवायला जाताना सुती कपडे घाला. टेरिलीन, नायलॉन अंगाला चिकटते. आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नका. बाजूने किंवा जळून गेलेल्या भागातून हिरव्या डहाळ्यांनी झोडपा. कोंडी झालीच तर जळून काळ्या झालेल्या जागेत शिरा, तिथे आग परत येत नाही. मुलांना आणि म्हाताऱ्यांना डोंगरावर नेऊ नका. त्यांनी पाणी भरावे, गुरे सांभाळावीत. वन खात्याचा १९२६ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर खडूने मोठे लिहून ठेवा. उपग्रह डोंगरावरून दिवसातून मोजक्या वेळा जातो. मध्येच पेटलेली आग त्याला उशिरा दिसते. तुमचा फोन त्याच्या आधी पोचतो.

कायद्याची एक गोष्ट

१९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमाने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. त्याच कलमात पुढे असेही आहे, की मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ थांबवू शकते. म्हणजे काडी एकाची आणि गुरे उपाशी साऱ्या गावाची. ७९ व्या कलमाने तर जंगलात हक्क असणाऱ्या प्रत्येकावर आगीची खबर देण्याची आणि ती विझवायला मदत करण्याची जबाबदारी टाकली आहे.

शेवटी एक विनंती. हा अंक हाती पडेल तेव्हा डोंगराचे गवत पिवळे पडू लागले असेल. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत झेंडावंदन झाल्यावर वणव्याचा विषय घ्या. गावाकडून डोंगराकडे जाणारी जाळरेषा कोण काढणार, कोणाच्या ट्रॅक्टरवर टाकी भरलेली राहणार, रात्री धूर दिसला तर पहिली थाळी कोण वाजवणार, राब कोणत्या दिवशी आणि किती माणसांसमक्ष भाजायचे, एवढे चार ठराव लिहून घ्या. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे सोपे आहे. हवा पुन्हा थंड करणे एका गावाच्या हातात नाही. आपल्या शिवारातली काडी मात्र आपल्याच खिशात आहे, तेव्हा यंदा बांध कापून घ्या आणि ते गवत गुरांपुढे टाका.